स्किन कलरचा डबा

कोल्हापूर, गंगावेश

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी बाहुली झाली. काल रात्री शेवटचा हात मारला आणि खिडकीपासून लांब, फडताळात वाळत ठेवली. उद्या पार्सल करते. त्यातच हे पत्र घालते आहे, कारण फोनवर तू घाईत असतेस आणि मला सांगायचं आहे ते घाईत सांगण्यासारखं नाही.

तू बाहुली आणून दिलीस त्या दिवशी एक शब्द बोललीस, तो माझ्या डोक्यातून गेलाच नाही. मी विचारलं, हिच्या या रंगाला काय म्हणायचं? तू सहज म्हणालीस, "नॉर्मल स्किन." रेझिनच्या, म्हणजे त्या कडक प्लास्टिकसारख्या, हात-पाय वळणाऱ्या सांध्यांच्या बाहुल्यांच्या यादीत तसंच लिहिलेलं असतं म्हणे. व्हाइट, नॉर्मल, टॅन. नॉर्मल म्हणजे फिकट गुलाबी, टॅन म्हणजे सावळी. टॅन हवी असेल तर बऱ्याच ठिकाणी वरचे पैसे, आणि तीही कंपनीच्या मनात येईल तेव्हा, थोड्या दिवसांपुरती. तू आठ महिने वाट बघितलीस. ऑर्डर उघडली आणि तुझा पगार व्हायच्या आत बंदही झाली. मग दुसऱ्या मुलीची ही वापरलेली गोरी बाहुली घेतलीस आणि माझ्यापुढे ठेवलीस. "आई, एवढ्या मूर्ती रंगवतीस, हिला माझ्यासारखी कर की."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी तीस वर्षं ज्या डब्यात ब्रश बुडवते आहे, त्याच्यावर काय लिहिलंय? स्किन कलर. कारखान्यात कुणी "गुलाबी दे" म्हणत नाही, "स्किन दे" म्हणतात. तुझ्या शाळेच्या खडूच्या डबीतही तो होता. पहिलीत असताना तू माझं चित्र काढलंस, त्यात माझा चेहरा त्याच खडूने रंगवला होतास. बाईंनी सांगितलं होतं, हा स्किन कलर. मी ते चित्र देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवलं आणि चेहऱ्याचा रंग माझा नाही हे मला दिसलंसुद्धा नाही. रंगकाम करून पोट भरणारी बाई मी, आणि मला दिसलं नाही.

अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीच्या खडूंमध्ये याच रंगाचं नाव पूर्वी 'फ्लेश', म्हणजे मांस, असं होतं. १९६२ साली त्यांनी ते बदलून 'पीच' केलं. पण माणसाच्या कातडीच्या २४ छटांची वेगळी डबी काढायला त्यांना २०२० साल उजाडलं. मधे ५८ वर्षं गेली. नाव बदलायला एक दिवस पुरतो, डबीत रंग यायला पिढ्या जातात.

तू पाठवलेलं सगळं मी वाचलं गं. गणपती-गौरी आटोपल्या, कारखाना धुऊन काढला, मग रोज रात्री थोडं थोडं. बार्बी आली १९५९ साली. तिची चुलतबहीण फ्रान्सी. १९६७ मध्ये तिची काळी बाहुली काढली, पण साचा गोऱ्या फ्रान्सीचाच, नुसतं प्लास्टिक बदललं. पुढच्या वर्षी ख्रिस्टी आली, ती बार्बीची मैत्रीण म्हणून. जिचं स्वतःचं नाव बार्बी आहे अशी काळी बाहुली आली १९८० मध्ये, आणि ती किटी ब्लॅक पर्किन्स नावाच्या काळ्या बाईने केली. म्हणजे २१ वर्षं काळ्या मुलीला बार्बीच्या घरात पाहुणी म्हणूनच प्रवेश होता.

साचा तोच ठेवून रंग बदलला की काय होतं, ते मला विचार. आपल्याकडे एका साच्यातून शंभर गणपती निघतात. कितीही रंग फिरवा, नाक तेच, गाल तोच. माणूस वेगळा हवा असेल तर मातीतच वेगळा करावा लागतो. म्हणून मला लॉस एंजेलिसच्या त्या कारखान्याचं फार कौतुक वाटलं. वॉट्स भागातल्या १९६५ च्या दंगलीनंतर तिथल्या काळ्या लोकांनी १९६८ मध्ये स्वतःचा बाहुल्यांचा कारखाना काढला, शिंदाना. (नाव आपल्याकडच्या एखाद्या आडनावासारखं वाटलं म्हणून मी थांबून वाचलं. मूळ शब्द स्वाहिली आहे.) त्यांची पहिली बाहुली बेबी नॅन्सी. आपल्या लेकरांचं नाक-ओठ त्यांनी आधी साच्यात आणलं, रंगाची गोष्ट त्यानंतर.

आणि ते अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ क्लार्क नवरा-बायको. १९४० च्या दशकात त्यांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढे सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती, खेळायला कोणती आवडेल, असं विचारलं. बहुतेक मुलांनी गोरीकडे बोट केलं. शेवटी विचारलं, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुलं रडत खोलीबाहेर पळाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांमधला रंगभेद बेकायदा ठरवला, तेव्हा या कामाचा आधार घेतला. एवढं मोठं कोर्ट, आणि पुराव्यात बाहुली. मी मोबाइल खाली ठेवला आणि तुझी चौथी आठवली.

शाळेचं गॅदरिंग. तू परी झाली होतीस. सगळ्या पऱ्यांना एकसारखं दिसायला हवं म्हणून एकाच डबीतला मेकअप आणलेला होता, फिकट गुलाबी. तिथल्या बाई म्हणाल्या, तुम्हीच लावा, तुमचा हात बसलेला आहे. मला पक्कं माहीत होतं काय होणार ते. गडद बेसवर फिकट रंग दिला की तो खुलत नाही, राखेसारखा मरतो. मूर्तीवर मी कधी असं काम केलं नसतं. तुझ्या चेहऱ्यावर केलं. तू आरशात बघितलंस, काही बोलली नाहीस, नुसती मान वळवून घेतलीस. सोनू, त्या दिवशी डबी परत करून "माझी पोर अशीच परी होणार" म्हणायला हवं होतं मी. नाही म्हटलं. त्याबद्दल मला माफ कर. हे तुला पंधरा वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

दुसरीही एक गोष्ट सांगते, ती तुला ठाऊक नाही. चार-पाच वर्षांपूर्वी गौरीच्या आधी कसबा बावड्याची एक बाई आली, सोबत लहान मुलगी. म्हणाली, "वहिनी, सावळ्या रंगाचा मुखवटा आहे का? आमची गौर आमच्या घरच्यासारखी दिसू दे." मी काय उत्तर दिलं असेल? "तसा येत नाही." बाईने पिवळट गोरा मुखवटा घेतला आणि गेली. येत नाही म्हणजे कुठून येत नाही? मुखवटा मीच रंगवत होते, ब्रश माझ्याच हातात होता. परवा महाद्वार रोडवर एका दुकानात मी सहज सावळी बाहुली मागितली, तर दुकानदार म्हणाले, "मागणीच नाही बघा." मला आधी राग आला, मग स्वतःचे शब्द आठवले. मागणी आली होती की माझ्या दारात, लेकरू कडेवर घेऊन. मी ती कुठे लिहून घेतली? आणि मग पुढच्या वर्षी आम्ही सगळे म्हणणार, कुणी मागतच नाही.

आपल्या लोकांना सावळा रंग ठाऊक नाही असं म्हणावं तर विठोबा सावळा, राम सावळा, कृष्णाचं तर नावच काळा. पण कृष्ण रंगवायला घेतला की आमचा हात निळ्या डब्याकडे जातो. मी स्वतः किती निळे कृष्ण केलेत त्याची गणती नाही. देवाला निळा केला म्हणजे काळं म्हणावं लागत नाही, असं आता मला वाटतं. तुझी आज्जी चिंध्यांच्या बाहुल्या करायची, त्या बऱ्या होत्या. जुन्या लुगड्याचा जो तुकडा हाताला लागेल तो, कधी विटकरी, कधी चक्क काळा. डोळे काजळाचे. भातुकलीत तिचं लग्न लावताना नवरदेवाच्या आईने रंगावरून कधी नाक मुरडलं नाही.

आता कामाचं ऐक.

आतलं इलॅस्टिक सोडवून सगळे भाग सुटे केले. तू सांगितल्याप्रमाणे साबणाने धुतले, साच्याच्या जोडाच्या रेषा पाण्यातच पॉलिश पेपरने घासल्या, तोंडाला मास्क बांधून, कारण ती पूड छातीत जाऊ द्यायची नाही. हे रंगाच्या आधी करावं लागतं. गडद अंगावर नंतर ओरखडा पडला तर पांढरी रेघ दिसते आणि ती लपत नाही. टॅन बाहुल्या करायला कंपन्या कुरकुर करतात त्यात एवढं खरं आहे. प्रत्येक घाण्याचा रंगही थोडा वेगळा उतरतो, त्यामुळे डोकं एका वेळी आणि धड दुसऱ्या वेळी मागवलं तर मान जुळत नाही. काम अवघड आहे, मान्य. पण आमच्या कामात काय सोपं आहे? अवघड आहे म्हणून जास्त पैसे घ्यावेत, पण ज्या पोरीचा रंग मुळात तोच आहे तिनेच का जास्त द्यावेत, याचं उत्तर मला सापडलं नाही.

वरून स्प्रे मारला असता तर तासाभरात झालं असतं, पण गुडघा-कोपर दोनदा हलवलं की सांध्यावरचा रंग उडाला असता. म्हणून कापड रंगवायच्या रंगात बुडवली. जुनं पातेलं, पाणी वाफाळलेलं पण उकळू द्यायचं नाही, नाहीतर रेझिन वाकतं. आधी तू दिलेला बाहुलीचा जास्तीचा हात टाकून बघितला. तपकिरी पुडीतून तो चक्क जांभळट गुलाबी निघाला! पुडीतला लाल आधी चढतो आणि पिवळा मागे राहतो. मग पिवळा वेगळा घातला, काळा अगदी चिमूटभर. पुन्हा बुडव, काढ, गार पाण्यात धर, बघ. चौथ्या खेपेला तो हात काढला आणि माझ्या मनगटाशी धरला. तुझा रंग माझ्याकडूनच आला आहे, म्हणून नमुना शोधायला कुठे जावं लागलं नाही. मग त्याच मापाने बाहुलीचे भाग बुडवले, तेव्हा तुझे पप्पा दारातून म्हणाले, "झालं, आता काढ बाहेर."

तळहात आणि तळपाय मुद्दाम फिकट ठेवले. तू दाखवलेल्या फोटोंतल्या बऱ्याच गडद बाहुल्यांचे तळहात पाठीच्याच रंगाचे होते. ज्याने कधी सावळ्या लेकराचा हात हातात धरलाय तो अशी चूक करणार नाही. बोटांच्या पेरांवर, कोपरावर, गुडघ्यावर कोरड्या खडूची गडद पूड मऊ ब्रशने बसवली. ओठ सगळ्यात शेवटी. वरचा ओठ गडद, खालचा मधोमध जरा गुलाबी, तुझा आहे तसा. भुवयांची आखणी एका दमात केली. इतक्या वर्षांची सवय, तिथे हात थरथरला नाही. कपाळ रंगवताना मात्र थरथरला, खरं सांगते.

पाण्यातून काढून उजेडात धरली तेव्हा मला अंबाबाईचा किरणोत्सव आठवला. मावळतीची किरणं आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग वर, आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. काळ्या पाषाणावर तो उजेड पडला की दगड काळा राहत नाही. कडेने तांब्यासारखा होतो, खोलात निळसर. लहानपणापासून ते बघतो आपण, हात जोडतो आणि बाहेर येऊन मुलीला बेसनपीठ लावतो. गडद रंग करायचा तर काळा ओतून होत नाही, हे मी देवळात उभी राहून शिकले असते तर किती बरं झालं असतं. त्यात लाल आहे, पिवळा आहे, निळा आहे. फिकट रंगापेक्षा त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

कपडे म्हणून खणाचं पोलकं आणि राणी कलरचा परकर शिवलाय. तुला लहानपणी राणी कलर कधी घेतला नाही, "तुझ्यावर उठून दिसत नाही" म्हणून. हिच्यावर इतका खुलतो की मी दोन वेळा बाजूला जाऊन पुन्हा येऊन बघितलं. दिवाळीला येशील तेव्हा तुलाही त्याच रंगाची साडी घेऊ.

बावड्याच्या त्या बाईचा पत्ता मिळाला आहे. पुढच्या गौरीला पाच मुखवटे सावळे करणार, कुणी मागो न मागो. तुझे पप्पा म्हणाले, दहा कर.

रंगाचं माप वहीत लिहून ठेवलंय, तपकिरी किती, पिवळा किती, पाणी किती गरम, किती मिनिटं. वर नाव घातलंय 'स्किन कलर'. तुझ्या मैत्रिणींपैकी कुणाला हवं असेल तर पानाचा फोटो पाठवते. उरलेला रंग डब्यात भरून ठेवलाय.

डावा गुडघा जरा ताठ आहे, इलॅस्टिक नवीन घातलंय म्हणून, चार दिवसांत सैल होईल. थेट उन्हात ठेवू नकोस, रंग उडतो आणि रेझिनही पिवळं पडतं. डोकं वेगळ्या कापडात गुंडाळलंय, पापण्या जपून. पार्सल पोचलं की लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
आई