ती. अण्णांना लंडनहून : गाडीबद्दल, आणि थोडं घरचं

ती. अण्णा आणि सौ. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणाखाण्याचं आणि थंडीचं दर रविवारी फोनवर बोलतोच, ते परत लिहीत नाही. पत्र लिहितोय ते माझ्या मोटारसायकलसाठी. बाळूनं तुम्हाला इथल्या रस्त्याचा व्हिडिओ दाखवला, त्यात थांबलेल्या कारच्या दोन रांगांमधून मोटारसायकली पुढं जाताना दिसल्या. तेव्हापासून आई फोनवर दुसरं काही विचारतच नाही. फोनवर अर्धं बोलणं तुटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. अण्णा, आईला सावकाश वाचून दाखवा.

आधी लायसन्सचं. तुम्हाला वाटतं मी सेलूत चालवायचो तशी इथं गाडी काढली. तसं इथं होतच नाही. आधी एक सक्तीचं मूलभूत प्रशिक्षण असतं. त्याच्या दाखल्यावर दोन वर्षं फक्त १२५ सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, तीही लाल ‘एल’ची पाटी लावून. मागं कुणाला बसवायचं नाही, मोटरवेवर जायचं नाही. मग नियमांची परीक्षा : ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर यावी लागतात. व्हिडिओत धोका वेळेवर ओळखायचा वेगळा भाग असतो, त्यात ७५ पैकी ४४ गुण लागतात. त्यानंतर मैदानावर आठचा आकडा, अगदी हळू चालवणं आणि ताशी ५० किलोमीटरवरून एकदम थांबणं. शेवटी परीक्षक मागं राहून रस्त्यावर चालवायला लावतो. हे सगळं पार झाल्यावरच पूर्ण लायसन्स हातात येतं, आणि माझं पूर्ण आहे.

आता रांगेतून जाण्याचं. इथं त्याला फिल्टरिंग म्हणतात आणि ब्रिटनमध्ये त्याला बंदी नाही. ‘हायवे कोड’ नावाचं रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक आहे, त्याच्या ८८व्या नियमात लिहिलंय की संथ वाहतुकीतून असं जाताना काळजी घ्या आणि वेग कमी ठेवा. कारवाल्यांनाही त्याच पुस्तकात बजावलंय की रांगेतून मोटारसायकल येत असेल, लेन बदलण्याआधी बघा. पण परवानगी आहे म्हणून पुढं जाण्याचा हक्क मिळत नाही. निष्काळजीपणे चालवलं तर गुन्हा होतोच आणि लायसन्सवर दंडाचे पॉइंट चढतात. तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की गाडी चालवायला बंदी.

त्यात पक्क्या मनाईच्या जागाही आहेत. रस्त्याच्या मध्ये पांढऱ्या रेषांची जोडी असेल आणि त्यातली आपल्या बाजूची सलग असेल, तर ती ओलांडायची नाही, तिच्यावर चाक ठेवूनही चालायचं नाही. झेब्रा क्रॉसिंगच्या आधी नागमोडी पांढऱ्या रेषा असतात. तिथं क्रॉसिंगच्या सगळ्यांत जवळच्या गाडीला मागं टाकायचं नाही, कारण ती कुणाला तरी रस्ता ओलांडू देण्यासाठी थांबलेली असू शकते आणि तिच्या आडून येणारं माणूस आपल्याला दिसत नाही. सिग्नलला पुढं सायकलवाल्यांसाठी चौकोन आखलेला असतो. लाल दिव्यावर त्यात मोटारसायकल घातली तर १०० पौंड दंड आणि तीन पॉइंट. बसच्या लेनमध्ये जायचं तर फलकावर मोटारसायकलचं चित्र असलं पाहिजे. लंडनच्या मोठ्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी ते असतं, पण गल्लीबोळांत गृहीत धरायचं नाही.

आई, तुला जी भीती वाटते ती सुसाट जाण्याची. रांगेतून कुणी सुसाट जात नाही. शिकवणारे सांगतात की आजूबाजूच्या गाड्यांपेक्षा ताशी १५ मैलांहून, म्हणजे २४ किलोमीटरहून जास्त वेग ठेवायचा नाही. वाहतूक सुटून पळायला लागली की लगेच एका लेनमध्ये आपली जागा धरायची. ताशी २० मैलांवर गाडी थांबायला १२ मीटर लागतात, ३० मैलांवर २३. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. म्हणून दोन बोटं पुढच्या ब्रेकवर, क्लच अर्धा, पाय मागच्या ब्रेकवर हलका. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही, गाडी तिथंच आडवी होते. आणि नजर कारच्या पुढच्या चाकावर. इंडिकेटर न देता वळणारे इथंही आहेत, पण वळण्याआधी चाक हलतंच. टॅक्सी थांबलेली दिसली की मागचं दार उघडणार असं धरूनच चालायचं. एक लेन पुढं सरकली आणि दुसरी थांबलेली असली, तर थांबलेल्यातला कुणीतरी त्या मोकळ्या जागेत घुसणार हे नक्की. ट्रकच्या डाव्या बाजूनं कधीच जायचं नाही, तिथं ड्रायव्हरला खालचं काही दिसत नाही. पाऊस असला की रंगवलेल्या रेषा आणि गटारांची लोखंडी झाकणं बर्फासारखी गुळगुळीत होतात, त्या दिवशी मी रांगेतच उभा राहतो.

एक गोष्ट मात्र तुम्हाला नीट समजावून सांगावी लागेल, कारण आपल्याकडचा माणूस इथं येऊन त्यातच फसतो. आपल्याकडं समोरच्यानं डिपर मारला तर अर्थ एकच : मी येतोय, तू थांब. इथं बरोबर उलटं! रांगेत उभा असलेला कारवाला पुढं थोडी जागा सोडतो आणि डाव्या गल्लीतून बाहेर पडू पाहणाऱ्याला डिपर मारतो, म्हणजे ‘या, तुम्ही आधी’. गल्लीतला हात वर करून आभार मानतो आणि निघतो. हॉर्न नाही, आरडाओरडा नाही. ‘हायवे कोड’ सांगतं की डिपरचा उपयोग फक्त ‘मी इथं आहे’ एवढं कळवायला करा, आणि दुसऱ्यानं मारला तर तेवढ्यावर निघू नका. पण माणसं सौजन्यानं मारतातच. आता बघा काय होतं. डिपर मारणाऱ्यानं फक्त समोर पाहिलेलं असतं, आरशात नाही. गल्लीतल्याला रांगेमुळं पलीकडचं दिसत नाही. तो फटीतून नाक काढतो आणि डावीकडं बघतो, कारण पलीकडच्या लेनची वाहतूक तिकडून येणार असते. मोटारसायकल त्याच्या उजवीकडून, रांगेच्या कडेनं येत असते, आणि मध्ये एखादी व्हॅन असली की दोघंही एकमेकांना शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. चूक म्हणावी तर कुणाचीच नाही, सगळे भलेपणानं वागत असतात, आणि धडक होते.

१९६६ च्या ‘पॉवेल विरुद्ध मूडी’ या खटल्यात नेमकं हेच झालं होतं. दुधाच्या टँकरनं जागा सोडली, कार बाहेर आली, आणि कोर्टानं ८० टक्के दोष मोटारसायकलवाल्याला दिला. २००६ च्या एका खटल्यात मात्र रांगेतून अचानक उलट वळणाऱ्या कारवाल्याला पूर्ण दोषी धरलं. म्हणजे ठरलेलं सूत्र नाही, प्रत्येक वेळी कोण किती सावध होता ते बघतात. म्हणून रांगेत पुढं मोकळी जागा दिसली की मी ती रस्ता म्हणून वापरत नाही. तिथं आडवी गाडी येणारच असं समजून चालण्याच्या वेगावर येतो आणि फटीत डोकावून मगच पुढं होतो.

‘बस आहे, रेल्वे आहे, गाडी कशाला’ असं अण्णा म्हणालात. माझी शिफ्ट पहाटेची असते, तेव्हा थेट बस किंवा रेल्वे मिळत नाही. शिवाय मध्य लंडनमध्ये कारला रोजचं शुल्क पडतं, मोटारसायकलला माफ आहे. हौस म्हणून घेतलेली नाही.

उलट मला काळजी बाळूची वाटते. बाळू, तिकडं संभाजीनगरात जालना रोडवर मोंढा नाका, सेव्हन हिल, इथं सगळे रांगेतूनच पुढं जातात, तुला एकट्याला ‘जाऊ नकोस’ म्हणून काही होणार नाही हे मला कळतं. पण सिग्नलचे आकडे पाचावर आले की सुटू नको, आडव्या रस्त्याचा शेवटचा रिक्षावाला अजून मध्येच असतो. बसच्या आणि दुभाजकाच्या मध्ये शिरू नको. हेल्मेट आयएसआयचं घे आणि पट्टा लावत जा, नुसतं डोक्यावर ठेवलेलं पहिल्या धक्क्याला उडतं. आणि आता साखर कारखाने सुरू झाले की रात्री गावाकडं निघूच नको. उसाच्या ट्रॅक्टरच्या दुसऱ्या ट्रॉलीला मागं ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. शनिवारी उजेडात निघ.

आता घरचं. ६० हजार पाठवलेत, अण्णांच्या खात्यावर जमा झाले की बाळूनं मेसेज करावा. त्यातले सोसायटीच्या कर्जाचे आधी भरा. भाव पडलेला असताना सोयाबीन घाईनं घालू नका, हप्त्याची काळजी माझ्यावर सोडा. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन लग्नानंतर करू असं म्हणू नका. मी नांदेडच्या दवाखान्याचे पैसे वेगळे पाठवतो.

छोटीचं स्थळ मला पसंत आहे, मुलगा बोलायला नीट वाटला. पण ते लोक देण्याघेण्याचं मागच्या दारानं काढायला लागले तर अण्णा, स्पष्ट नाही म्हणा. बस्त्याचा आणि मंडपाचा खर्च माझा. सुपारीला मला येता येणार नाही. रजा एकदाच मिळते आणि ती लग्नाला ठेवलीय. मोठ्या भावानं करायची कामं बाळू करतोय, हे मला इथं बसून रोज दिसतं. छोटीला सांगा, रागावू नकोस, हळदीच्या आदल्या दिवशी मी घरी असेन. माझ्या लग्नाचा विषय तिचं उरकल्यावर काढा. आई, मामांना तसं सांग, आत्ताच कुणाला पत्रिका देऊ नका.

तारीख धरली की लगेच कळवा, तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं.

तुमचा,
दादा