कॅलेंडरवरच्या रेघा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या रतीबाचा हिशेब असतो. गेल्या वर्षी त्याच चौकोनांत माझा धाकटा भाऊ पेन्सिलीने रेघा मारायचा. शौचावाटे रक्त पडलं की एक रेघ. गणपतीत दिवसाला चार, दिवाळीत अकरा. तेवढ्या काळात तीन दवाखाने झाले. कुणी मुळव्याध म्हणालं, कुणी आमांश. गुदमार्ग मात्र एकानेही तपासला नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'बिनऑपरेशन मुळव्याध' असं रंगवलेलं असतं ना, तिथंही जाऊन आलो. आता सांगायला लाज वाटते.

मग जुलाब थांबवायच्या गोळ्या मिळाल्या. रेघा तीनवर आल्या, आईने नारळ फोडला. तिसऱ्या रात्री पोट नगाऱ्यासारखं फुगलं, अंग तापाने फणफणलं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक्स-रे काढला, तर मोठं आतडं ६ सेंटिमीटरच्या वर फुगलेलं. रेघा कमी झाल्या त्या तो बरा होत होता म्हणून नव्हे. आतडंच हलायचं थांबलं होतं. मूळ आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होणं, आणि ही त्यातली जीवघेणी अवस्था, टॉक्सिक मेगाकोलन. फुटायच्या आत मोठं आतडं काढलं म्हणून पोरगा हाती लागला. वय २४, शौच जमा व्हायला पोटाला पिशवी. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. नंतरच्या पिशव्या आम्हीच विकत आणतो.

साहेब, हा आजार हाताबाहेर चाललाय हे ओळखायला महागडं मशीन लागत नाही. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ सालीच निकष लिहून ठेवलेत. दिवसाला ६ किंवा जास्त रक्ताचे जुलाब, आणि जोडीला नाडी ९०च्या वर, ताप १००च्या वर, हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली किंवा ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ३०च्या वर, यातलं एक जरी असलं तरी रुग्ण गंभीर. घड्याळ, थर्मामीटर आणि साधी रक्ततपासणी, बस्स. हा कागद प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांच्या टेबलासमोर लावा. असा रुग्ण आला की त्याच दिवशी भरती करा, जुलाब थांबवायची गोळी देऊन घरी धाडू नका. आणि ज्याचं रक्त आठवडेच्या आठवडे थांबत नाही, त्याला मुळव्याधीच्या मलमाच्या चौथ्या ट्यूबऐवजी दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी द्या. ती तपासणी जिल्हा रुग्णालयात, बायोप्सीसकट (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं), होऊ द्या.

कॅलेंडरची ती पानं मी फाडून जपून ठेवली आहेत. आपल्या विभागात कुणाला पाहायची असतील, तर घेऊन येतो.

आपला,
रुग्णाचा मोठा भाऊ