युरोपचा मतदार मत देतो तरी कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपीय संसदेची, म्हणजे 27 देशांच्या युरोपीय संघाच्या संसदेची, निवडणूक झाली की आपल्याकडे ‘युरोपचा कौल’ हा मथळा ठरलेला. 2024 च्या जूनमध्ये आपल्या लोकसभेचे निकाल लागून दोन दिवस होतात न होतात तोच तिकडे मतदान सुरू झाले, आणि ‘युरोप उजवीकडे झुकला’ हे वाक्य तेव्हापासून अग्रलेखांतून फिरते आहे. ते खोटे नाही. पण युरोप म्हणून तिथे कुणी मत देतच नाही, ही गोष्ट त्यात राहून जाते.

होतात त्या 27 देशांतल्या 27 निवडणुका. नेदरलँड्समध्ये गुरुवारी, जर्मनीत रविवारी. ऑस्ट्रियात सोळाव्या वर्षी मत देता येते, इटलीत अठराव्या. बव्हेरियातल्या मतदाराच्या हाती जी लांबलचक मतपत्रिका पडते तिच्यावर सीएसयू हा उजवीकडे झुकलेला पक्ष असतो, उरलेल्या जर्मनीत त्याचा भाऊबंद सीडीयू. निवडून आल्यावर दोघांचेही खासदार स्ट्रासबर्गला, युरोपीय संसदेत, ‘युरोपियन पीपल्स पार्टी’ या देशोदेशीच्या उजव्या पक्षांच्या गटाच्या बाकांवर बसतात. 720 पैकी 188 जागा मिळवून हा तिथला सर्वांत मोठा गट झाला, पण त्याचे नाव त्या मतपत्रिकेवर शोधूनही सापडत नाही. युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, अध्यक्षपदासाठी या पक्षाने पुढे केलेल्या उर्सुला फॉन डेर लायेन यांचेही नाही. त्या संसदेसाठी कुठूनच उभ्या नव्हत्या.

त्यातल्या त्यात 2024 ला निदान त्यांचा चेहरा प्रचारात होता. 2019 ला याच पक्षाने मान्फ्रेड वेबर यांना पुढे करून मते मागितली. निकालानंतर देशोदेशीचे सरकारप्रमुख ब्रुसेल्सला बंद दाराआड बसले, वेबर बाजूला पडले आणि तोवर जर्मनीच्या संरक्षणमंत्री असलेल्या फॉन डेर लायेन बाहेर आल्या. संसदेला फक्त हो किंवा नाही म्हणायचे होते. 374 मते लागत होती, त्यांना 383 पडली. 2014 ला युंकर यांच्या रूपाने मतदारांपुढे ठेवलेला उमेदवारच त्या खुर्चीत बसला होता, तो पायंडा पहिल्याच परीक्षेत मोडला.

पक्षांचे हे वरचे छत्र मतदाराला दिसत नसल्याने त्याखाली काय काय खपते पाहा. हंगेरीतल्या व्हिक्टर ऑर्बान यांचा फिडेस पक्ष 2021 च्या मार्चपर्यंत याच गटात होता. तिकडे न्यायालये आणि वर्तमानपत्रे आवळली जात असताना त्या गटाचे संख्याबळ जर्मन मतदाराच्या मतावरही उभे होते. त्या मतदाराला हे कुणी विचारले नाही, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसावे.

मग मतदार करतो काय? घरचा हिशोब चुकता करतो. फ्रान्समध्ये 9 जून 2024 च्या रात्री मरीन ल पेन यांच्या कडव्या उजव्या पक्षाला राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांच्या आघाडीच्या दुपटीहून अधिक मते पडली आणि मॅक्रॉन यांनी तासाभरात विसर्जित केली ती फ्रान्सची राष्ट्रीय संसद! निवडणूक कशाची आणि फटका कुणाला.

आम्हा गोवेकरांना यात आणखी एक धागा आहे. युरोपीय परिषदेचे, म्हणजे सदस्य देशांच्या सरकारप्रमुखांच्या मंडळाचे, अध्यक्ष आंतोनियो कॉस्ता यांचे मूळ मडगावचे, त्यामुळे त्यांच्या निवडीने इथे आनंदीआनंद झाला. मलाही बरे वाटलेच. पण ती निवड 27 सरकारप्रमुखांनी केली, आणि त्याच बैठकीत तीन मोठी पदे तीन पक्षकुटुंबांत वाटली गेली: आयोग पीपल्स पार्टीला, परिषद समाजवाद्यांना, परराष्ट्र धोरण उदारमतवाद्यांकडच्या काया कल्लास यांना. आपल्याकडचे खातेवाटप पाहिलेल्याला यात नवल नाही. फरक एवढाच की आपल्याकडे निदान पुढच्या खेपेला त्या सगळ्यांना दारात यावे लागते.

यावर नेहमीचे उत्तर असे की, चोवीस अधिकृत भाषांच्या संघात एक जनता नाही, मग एक प्रचार कसा होणार. मला ते पटत नाही. ‘व्होल्ट’ नावाचा छोटा पक्ष अनेक देशांत एकाच जाहीरनाम्यावर लढतो. 2024 ला जर्मनी आणि नेदरलँड्स मिळून त्याचे पाच खासदार आले. आकडा किरकोळ, पण भाषेने वाट अडवलेली नाही. स्ट्रासबर्गमध्ये खासदार बऱ्याचदा देश पाहून नव्हे, गट पाहून मत देतात. म्हणजे आत पक्ष आहेत, ते बाहेर मतदारापुढे आणायचे तेवढे राहिले आहे.

त्यासाठी प्रस्तावही तयार आहे. मे 2022 मध्ये संसदेने ठराव केला की, 28 जागा संपूर्ण युरोप हा एकच मतदारसंघ धरून भराव्यात. प्रत्येक मतदाराला दोन मते, एक देशाच्या यादीला, एक युरोपच्या. सदस्य सरकारांनी एकमताने होकार दिल्याशिवाय हे होत नाही, आणि 2024 ची निवडणूक त्याविनाच पार पडली. दोष सरकारांवरच ढकलू नये. 2018 च्या फेब्रुवारीत हीच कल्पना संसदेत मतदानाला आली आणि पडली, तेव्हा विरोधात उभा राहिलेला सर्वांत मोठा गट होता तोच, मतपत्रिकेवर नाव नसलेला पीपल्स पार्टीचा.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा (गोवा)