नील ॲस्टली आणि कोलटकरांची कविता

महोदय,

इंग्रजी कवी आणि संपादक नील ॲस्टली यांनी १९७८ मध्ये न्यूकॅसल येथे ‘ब्लडॲक्स बुक्स’ ही प्रकाशनसंस्था स्थापन केली आणि लंडनपासून दूर राहूनही तिला ब्रिटनमधील कवितेचे हक्काचे घर बनवले. याच संस्थेने २०१० मध्ये अरुण कोलटकर यांच्या इंग्रजी कवितांचा समग्र संग्रह, अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांच्या संपादनाखाली, प्रसिद्ध केला, याची नोंद आपल्याकडे फारशी घेतली गेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ॲस्टली यांचा ‘डार्विन सर्व्हायव्हर’ हा स्वतःचा संग्रह १९८८ चा. परंतु २००२ मधील ‘स्टेइंग अलाइव्ह’ या त्यांच्या संकलनानेच, माझ्या मते, कवितेपासून दुरावलेल्या असंख्य वाचकांना पुन्हा कवितेकडे वळवले. आपल्या पुरवणीत त्यांच्या संपादनकार्यावर सविस्तर लेख प्रसिद्ध करावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे