कोबॉटचा निधी प्रोटोटाइपपाशीच का थांबतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माणसाच्या शेजारी, कुंपणाविना काम करणारे रोबोट म्हणजे कोबॉट. ते बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना मिळणारा निधी बहुधा पहिला प्रोटोटाइप हलू लागला की संपतो. मोठा खर्च त्यानंतरच सुरू होतो.

अशा रोबोटच्या यांत्रिक हाताला साधारण सहा सांधे असतात. प्रत्येक सांध्याला मोटर, गिअर, ब्रेक आणि बहुधा दोन एन्कोडर, म्हणजे सांधा किती फिरला ते मोजणारे भाग. एक भाग बिघडला तरी हात थांबलाच पाहिजे, म्हणून सुरक्षेचं सर्किट दुहेरी असावं लागतं. प्रात्यक्षिकाची तारीख गाठण्यासाठी ते 'नंतर बघू' म्हणून सोडलं, की पुढे सगळे बोर्ड नव्याने आखावे लागतात. सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळाल्यावर टंचाईपायी एखादी चिप बदलली, तरी त्या भागाची पुन्हा तपासणी आली. या कामाला अनुदानाच्या तक्त्यात सहसा रकानाच नसतो.

दुसरी अडचण ग्राहकाच्या कारखान्यात येते. निव्वळ रोबोट सुरक्षित असून भागत नाही. ग्रिपर म्हणजे वस्तू पकडणारा पंजा, त्यातला धारदार पत्रा, टेबलाची कड हे सगळं धरून धोक्याचं मूल्यमापन करावं लागतं. कोबॉटच्या सुरक्षेविषयीच्या आयएसओ/टीएस १५०६६ या २०१६च्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजानुसार माणसाचा हात किंवा बोटं चिमटली जाताना बळ १४० न्यूटनच्या आत हवं, चेहऱ्यासाठी मर्यादा ६५ न्यूटन. दाबाच्या मर्यादा वेगळ्या, आणि टोकदार वस्तू असेल तर आधी त्याच ओलांडल्या जातात. ते मोजायला स्प्रिंग बसवलेलं खास उपकरण लागतं. मर्यादेत बसण्यासाठी वेग निम्मा केला, तर आदळण्याचं बळ साधारण निम्मं होतं खरं, पण एका नगाला लागणारा वेळ वाढतो आणि ग्राहकाचं गणित कोलमडतं. चाचणी यशस्वी होऊनही खरेदीची ऑर्डर येत नाही, ती बरेचदा इथे अडते.

कालावधीचाही विचार व्हावा. युनिव्हर्सल रोबोट्स ही डॅनिश कंपनी २००५ साली सुरू झाली, तिचा पहिला रोबोट विकला गेला २००८ मध्ये. बारा-अठरा महिन्यांच्या योजनेत हे बसत नाही. नुसत्या पैशानेही भागत नाही, हेही तितकंच खरं : भरपूर भांडवल मिळालेली रिथिंक रोबोटिक्स ही कोबॉट कंपनी २०१८ मध्ये बंद पडली. तिचा बॅक्स्टर हा रोबोट स्पर्शाला मवाळ होता, पण कारखान्याला हवी तेवढी अचूकता त्याच्यात नव्हती.

म्हणून निधीचे हप्ते तारखांना न बांधता चाचण्यांना बांधावेत : आधी सुरक्षेच्या आराखड्याची तपासणी, मग सांध्यांची झीज-चाचणी, मग प्रत्यक्ष जागेवर बळ आणि दाबाचं मोजमाप. हप्त्याचा काही भाग आगाऊ द्यावा. आधी खर्च करा, मग बिलं सादर करा, या पद्धतीत गिअरची ऑर्डर देतानाच छोट्या कंपनीचं खेळतं भांडवल आटतं. धोक्याच्या मूल्यमापनाचा खर्च वापरणाऱ्या कारखान्याच्या अनुदानातही धरावा. आणि मोजमापाची उपकरणं प्रत्येक कंपनीला घ्यायला लावण्यापेक्षा सामायिक प्रयोगशाळेत ठेवून भाड्याने द्यावीत. ती रोज लागत नाहीत.

आपले,
या क्षेत्रात काम करणारे काही अभियंते