घोड्याला ढाळ लागले की वाळूला दोष देऊ नका

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात पर्यटकांना नेणाऱ्या घोडागाड्यांपैकी एक आमची. गाडी आमचे मालक हाकतात. चंदी, पाणी, खरारा आणि लीद काढणं माझ्याकडे. गेल्या मे महिन्यात आमची घोडी चांदणी मरता मरता वाचली.

लग्नसराईत तिला वरातीसाठी टेम्पोतून पेणकडे नेलं होतं. भर उन्हातला प्रवास, रात्रभर बँड, तिथला वेगळा चारा. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी चंदी तशीच पडून राहिली आणि संध्याकाळी ढाळ सुरू झाले. समुद्रावरच्या घोड्यांच्या पोटात चाऱ्याबरोबर वाळू जाऊन असं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत. मी लीद पाण्यात कालवून काचेच्या बरणीत ठेवली. तळाशी थोडी वाळू बसली आणि आम्ही निश्चिंत झालो. मालकांनी घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून गुळातून दिल्या.

सकाळी लीद नव्हतीच, नुसतं हिरवट, घाण वासाचं पाणी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. हिरड्या जांभळट झालेल्या. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला तर 104. एरवी घोड्याचा पारा 99 ते 101.5 असतो. नुसत्या वाळूने एवढा ताप चढत नाही, हा साल्मोनेला असावा, असं ते म्हणाले. प्रवास, उष्मा, बदललेला चारा यांनी जनावर खचलं की हा जंतू डोकं वर काढतो. गोळ्यांबद्दल ते खूप रागावले. मोठ्या घोड्याच्या आतड्यातले चांगले जंतू त्या गोळ्यांनी मरतात आणि साल्मोनेलाला रान मोकळं मिळतं. शिंगराची गोष्ट वेगळी. त्याच्या रक्तात जंतू लवकर उतरतो, त्याला औषध लागतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

तबेल्याच्या वाशाला सलाईन टांगलं. दिवसाला वीस लिटरच्या वर, बाटलीमागून बाटली. या आजारात विष अंगात भिनून खुरांना सूज येते आणि घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो, म्हणून तीन दिवस तिचे पाय बर्फात ठेवले. बर्फ बंदरावरच्या कोळणींनी दिला, मासळीचा. एकीनेही पैसे घेतले नाहीत.

लिदीचा नमुना माझा दीर थर्मासमध्ये बर्फ घालून मांडव्याच्या बोटीने मुंबईला घेऊन गेला. पहिल्या तपासणीत काही निघालं नाही. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, पण डॉक्टरांनी ऐकलं नाही. हा जंतू रोज लिदीतून पडत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशीचे तीन ते पाच नमुने लागतात. तिसऱ्यात निघाला.

खरी चूक मला तेव्हा कळली. त्या दोन दिवसांत चांदणी किनाऱ्यावरच्या सगळ्यांच्या टाकीत तोंड घालून पाणी प्यायली होती. तिची लीद मी शेजारच्या वाडीत नारळाला दिली होती. आणि त्याच हातांनी, नुसत्या पाण्याने धुऊन, घरच्या भाकऱ्या थापल्या होत्या. हा जंतू माणसालाही लागतो, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जास्त. आमच्या घरी कुणी आजारी पडलं नाही, तरी ती रात्र मी झोपले नाही.

घोडा बरा दिसला तरी पुढे कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने, लिदीतून जंतू टाकू शकतो. म्हणून चांदणीची बादली, खरारा, फावडं सगळं वेगळं केलं. आमची जमीन मातीची, ती धुऊन साफ होत नाही. वीतभर माती उकरून लांब पुरली आणि जागा उन्हाला उघडी टाकली. भिंती आधी घासून धुतल्या, मग ब्लीच मारलं. लीद तशीच असली तर ब्लीचचा उपयोग होत नाही.

किनाऱ्यावरच्या माझ्या भावांना हात जोडून सांगते, थर्मामीटर घरात ठेवा. ढाळ आणि ताप एकत्र दिसले की घोडा त्याच क्षणी वेगळा बांधा, गाडीला जुंपू नका, आणि डॉक्टर येईपर्यंत स्वतःच्या मनाने गोळी देऊ नका. घोड्यावर बसलेल्या मुलांचे हात भेळ खाण्याआधी साबणाने धुवा, हे पर्यटकांना सांगायला लाजू नका.

प्रशासनाकडे मागणी दोनच गोष्टींची. एका टाकीऐवजी नळ द्या, म्हणजे ज्याची त्याची बादली राहील. आणि आजारी घोडा बांधायला किनाऱ्यापासून दूर एक छपराची जागा द्या. आमच्याकडे ती नव्हती, म्हणून चांदणीला पंधरा दिवस घराच्या पडवीत बांधलं आणि मुलांना मामाकडे पाठवलं. दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी एवढं व्हावं.

– एक घोडागाडीवाली, अलिबाग