अकराव्या मजल्यावरची तुमची खोली

ती. आई आणि ती. अण्णा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले असते तर आईनं मध्येच "बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलला असता आणि अण्णा, तुम्ही गप्प झाला असता. तुमचं गप्प बसणं मला फोनवर सोसत नाही. म्हणून लिहितेय. चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

औसा रोडच्या प्लॉटचा मी इसार घेतलाय. रजिस्ट्री पुढच्या महिन्यात आहे. त्या पैशात बँकेचं कर्ज घालून आम्ही इथं नवी मुंबईत सीवूड्‌सला घर घेतलं. आता राहतो त्याच्या शेजारच्याच इमारतीत, अकराव्या मजल्यावर. ॲग्रीमेंट झालंय, किल्ली मिळालीय.

येळवशीच्या सणाला शेतात आले तेव्हा सांगणार होते. कोपीतल्या पांडवांची पूजा झाली, आईनं भज्जी वाढली, तुम्ही आंबिलाचा तांब्या पुढं केलात आणि म्हणालात, "उन्हाळ्यात प्लॉटवर बोअर पाडून ठेवतो, तू येशील तवा पाणी असावं." मग माझ्या तोंडून शब्द फुटेना. दोन तांबे आंबिल पिऊन मी धुऱ्यावर जाऊन बसले. आईला वाटलं, पित्त झालं.

तीस बाय चाळीसचा तो तुकडा तुम्ही फंडातून कर्ज काढून माझ्या नावावर घेतला होता. लोक म्हणत होते, लेकीच्या नावावर कशाला? आईच्या पाटल्यांचंही मी विसरलेले नाही. पण अण्णा, बारा वर्षांत आम्ही पाच घरं बदलली. दर अकरा महिन्यांनी करार, दर वेळी भाडं वाढवायचं नाहीतर सामान बांधायचं. नात आता नववीत जाईल. यांची नोकरी इथं, माझीही इथंच. लातूरला परत येऊ असं मी दर दिवाळीला म्हणत राहिले. खोटं नव्हते बोलत, मलाही तसंच वाटायचं. घेणाऱ्याला मी एकच गळ घातली, कोपऱ्यातला लिंब तोडू नका. ते हो म्हणालेत. कागदावर तसं काही लिहून घेता येत नाही, एवढंच. भाऊला सगळं ठाऊक आहे. मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं, त्याला बोलू नका.

आता घराबद्दल सांगते. मागच्या वेळी आलात तेव्हा चारच दिवस राहिलात आणि त्यातले दोन दवाखान्यात गेले, त्यामुळं तुम्ही काहीच बघितलं नाही.

वाशीपासून बेलापूरपर्यंत पाम बीच रोड जातो. त्याच्या एका अंगाला इमारतीच इमारती आणि दुसऱ्या अंगाला खाडी. मध्ये खारफुटीचं दाट रान. आई, औरंगाबादला आत्याचं घर सिडकोत आहे ना, हे शहरही त्याच सिडकोनं वसवलं. १९७० साली सिडको निघाली ती मुळात या शहरासाठीच. म्हणून इथंही पत्ता सेक्टरनं सांगतात. चुकलात तरी घाबरायचं नाही, सेक्टरचा आकडा सांगितला की रिक्षावाला आणून सोडतो.

तुमच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, खाडीकडं आहे. दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. चढलं की उन्हात चमकतं, उतरलं की नुसता काळा चिखल दिसतो आणि वासही येतो. खरं ते सांगते, पहिले पंधरा दिवस मला तो वास नको व्हायचा. आता येतो तेव्हा लक्षातही येत नाही. इथल्या कारावे गावातल्या एक मावशी खाली मासळी घेऊन बसतात. (आई, नाक मुरडू नकोस, आपल्या घरात येत नाही.) त्यांनी मला भरतीचं गणित शिकवलं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आमच्या खाडीत आत यायला पाण्याला थोडा जास्त वेळ लागतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, पाणी पार खारफुटीच्या बुंध्यांत शिरतं. अण्णा, तुम्ही जन्मभर पोरांना पावकी, निमकी, पाऊणकी घोकायला लावलीत. मी तर पाऊणकीला छडी खाल्लीय. ती पाऊणकी इथं खाडीच्या काठी कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं. नातीला काही ती येत नाही. तुम्हीच शिकवा, आई कालनिर्णय बघून तिथी सांगेल.

तुम्ही फोनवर विचारलंत, "एवढं पाणी, मग प्यायला का येत नाही?" त्या रात्री मला झोप आली नाही. मला २०१६ आठवलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आपल्या स्टेशनात आली, तुम्ही बघायला गेला होतात. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी होती. गुडघा सुजलेला असताना तुम्ही टँकरपाशी घागरी घेऊन उभे राहायचात आणि इथं मी नळ सोडला की माझा हात आखडायचा. दोन बादल्यांत घर पुसायचे तर एकीत पुसायला लागले. अजून भाजी धुतलेलं पाणी मी कुंड्यांना घालते, यांना त्याचं नवल वाटतं. तर सांगते, खाडीचं पाणी खारट आहे, आम्ही ते पीत नाही. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, खालापूरजवळ, तिथून पाणी येतं. आई, तुला पहाटे उठून पिंप भरायचं नाही. भरशीलच तू, मला माहीत आहे. मोरीत जागा ठेवलीय, एक स्टीलचं पिंपही आणलंय, तुझं मन शांत राहावं म्हणून.

पक्षी मात्र बघायला हवेत. आपण पैठणला नाथषष्ठीला गेलो होतो, मी सहावीत होते. अण्णा, तुम्ही मला धरणाच्या भिंतीवरून नाथसागरात लांब एक गुलाबी रेघ दाखवली होती आणि म्हणाला होतात, ते रोहित. मला काही दिसलं नव्हतं, तुमचं मन राखायला मी हो म्हटलं होतं. तेच रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, इथं हिवाळ्यापासून थेट मे महिन्यापर्यंत असतात. ओहोटीला चिखलात मान उलटी घालून चरतात. आता लांबून बघायला नको, फिरायच्या रस्त्यावरून दिसतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळालाय. पण काळजीही वाटते. इथं जवळच एक तळं आहे, २०२४ मध्ये त्यात भरतीचं पाणी यायच्या वाटा बुजल्या, तळं सुकलं आणि रोहित मेले. माणसं रस्त्यावर उतरली. नात हातात पाटी घेऊन उभी होती. पाण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाची नात आहे ती.

त्रासाचंही सांगते, नाहीतर मी लपवलं म्हणशील. खारी हवा लोखंड खाते. खिडकीच्या ग्रिलवरून हात फिरवला की बोटाला तांबूस भुकटी लागते, दर दिवाळीआधी रंग काढावा लागतो. तुझ्या शेंगदाण्याच्या चटणीला चार दिवसांत ओल येते, पापड उघडा राहिला की तासाभरात मऊ. मिठाच्या बरणीत मी तांदळाची पुरचुंडी घालते, तूच शिकवलंस. संध्याकाळी सहाला खिडक्या लावायच्या, डास येतात. आणि दारं बंद असतात, आई. आपल्यासारखं ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची सोय नाही. मजल्यावर चार घरं आहेत, समोरच्या आजी केरळच्या. भाषा कळत नाही, पण त्या रोज दारात रांगोळी काढतात आणि मला बघून हसतात. तुझं त्यांच्याशी जमेल. खाली एकादशीला हरिपाठ असतो, टाळ कमी पडतात. अण्णा, तुमचे घेऊन या.

आता आईनं विचारलं होतं ते. "अकराव्या मजल्यावरनं पळावं कुठं, माय?"

मी त्या वेळी हसून टाळलं, ती माझी चूक झाली. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले आणि पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना तो भूकंप झाला. मी आठ वर्षांची होते. तू मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलंस. नंतर तू मामाच्या गावाला गेलीस आणि आलीस तेव्हा बरेच दिवस बोलली नाहीस. त्यानंतर तू एकदाही आतून कडी लावून झोपली नाहीस. हे सगळं मला ठाऊक असताना मी वरचं घर घेतलं. खालच्या मजल्यावर बघितलं होतं, खरंच. तिथं पावसाळ्यात ओल धरते, तुझ्या दम्याला ते चाललं नसतं. मी इंजिनिअरांना विचारलं. आपल्याकडची घरं दगड-मातीची, वर माळवदाचं मणामणाचं ओझं. भिंत सुटली की सगळं वरून कोसळलं. इथं भिंतींवर भार नाही, खांब आणि तुळया एकमेकींत लोखंडानं बांधलेल्या असतात. इमारत हलते, पण धरून राहते. ॲग्रीमेंट करायच्या आधी मी हेच पहिलं विचारलं, फरशी-रंगाचं नंतर. तरी तुझी भीती जाणार नाही, माहीत आहे मला. कडी लावू नकोस. रात्री आपण दोघी एका खोलीत झोपू, पहिला महिना तरी. जिना लिफ्टशेजारीच आहे, आल्या दिवशी तुला दाखवते.

कायमचं या असं मी म्हणत नाही. लातूरचं घर तुमचं आहे, ते तसंच राहणार, त्याला कुणी हात लावायचा नाही. उन्हाळ्याचे चार महिने या. मग मी स्वतः तुम्हाला परत घेऊन येईन आणि येळवशीलाही येईन, ते चुकणार नाही.

सिद्धेश्वराची यात्रा झाली की निघायचं. मुंबई गाडीची तिकिटं काढलीत, दोन्ही बर्थ खालचे आहेत, कुणी बदलून मागितला तर द्यायचा नाही. अण्णा, तुमची साखरेची आणि बीपीची गोळी हातातल्या पिशवीत ठेवायची, बॅगेत नाही. मागच्या वेळची फाईल आणा, त्यातल्या पट्ट्या-चिठ्ठ्या फेकू नका. गुडघ्याचा पट्टा गाडीत घालूनच बसा. आई, तुरीची डाळ पाच किलोच आण. दहा आणलीस तर ती उचलणार अण्णाच, तू नाहीस. खलबत्ता आणू नकोस, इथं आहे. गॅसचं बटण खालून बंद कर, तुळशीला पाणी घालायला शेजारी सांग. न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतलाय, खुर्चीसारखा संडास आहे, पलंग उंच आहे. अण्णांची आरामखुर्ची खिडकीपाशी ठेवलीय, दुपारी ऊन येतं म्हणून जाड पडदा शिवलाय. देवघर पूर्वेला आहे. देव तुझे तूच घेऊन ये, ओळीनं मांडायला.

कल्याण गेलं की उठून बसा, घाई करू नका. ठाण्याला मी डब्यात चढते, सामान मी आणि जावई उतरवतो. तुम्ही फक्त काठी धरा.

रागावला असाल तर रागानंच या अण्णा, इथं आल्यावर बोला मला. आईच्या उशाखाली नव्या सेलची बॅटरी ठेवलीय, लातूरला ठेवते तशीच, डाव्या हाताला.

तुमची
लेक